मशीन आधी बदलायचं की सॉफ्टवेअर? जुन्या एडिटरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लग्नाचं आणि अधूनमधून संस्थांच्या डॉक्युमेंटरीचं एडिटिंग करता, मशीन चौथ्या जनरेशनच्या इंटेल आय-सेव्हन प्रोसेसरचं, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड, एडिटिंगचं सॉफ्टवेअर एडियस, आणि फुल एचडी फुटेजवर इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं. आता शूटर मंडळी सोनी ए-सेव्हन-फोर कॅमेऱ्यावर ४के (फुल एचडीच्या चौपट मोठं चित्र) शूट करून कार्ड आणून देतात, टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, क्लिप टाकली की प्लेबॅक अडकतो, स्क्रब केलं, म्हणजे कर्सर पुढेमागे ओढला, की मशीन गोठतं. एक जण सांगतो मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, दुसरा सांगतो दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर या, तिसरा म्हणतो मॅकच घ्या. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की दर तीन-चार वर्षांनी सगळं नव्याने शिकायचं असेल तर हा धंदा करायचा कसा.

शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो कारण खरी काळजी तीच आहे असं मला वाटतं. आपल्या पिढीने टेप-टू-टेप बघितलंय, मग मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरच्या केबलने कॅप्चर करायचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा, काळ बघितला, मग कार्ड आलं. जून २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो टेन हे एडिटिंग सॉफ्टवेअर काढलं तेव्हा त्यात फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नव्हते, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांच्या क्लिपा एकत्र कापणं) नव्हतं, सुरुवातीला एक्सएमएलसुद्धा, म्हणजे टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरला न्यायची फाइल, बाहेर काढता येत नव्हतं. मल्टिकॅम २०१२ च्या जानेवारीत आलं, पण तोपर्यंत कितीतरी लोक ॲडोबीच्या प्रीमियरवर नाहीतर ॲव्हिडवर निघून गेले होते. मग २०१३ मध्ये ॲडोबीने ठरवलं की आता नवीन व्हर्जन विकत मिळणार नाही, महिन्याचं भाडं भरा. दाविंची तर मुळात फक्त कलर ग्रेडिंगची, म्हणजे चित्राचे रंग जुळवायची, महागडी सिस्टिम होती, २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली, नंतर फ्री व्हर्जन काढलं, आणि पुढे एडिटिंग, २०१७ ला फेअरलाइट म्हणजे ऑडिओ, २०१८ ला फ्यूजन म्हणजे इफेक्ट असं एकेक आत आणत गेले. या सगळ्यात जे एडिटर टिकले त्यांना प्रत्येक सॉफ्टवेअर कोळून पाठ होतं असं अजिबात नाही. त्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या, एक म्हणजे चालू काम अर्धवट असताना कधी गाडी बदलली नाही आणि दुसरं म्हणजे आपलं जुनं काम एकाच कंपनीच्या एकाच व्हर्जनमध्ये अडकू दिलं नाही. या दोन गोष्टी जमल्या की सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे पंधरा-वीस दिवसांची कटकट असते, त्यापेक्षा जास्त नाही.

आता तुमच्या मशीनचं. ते जुनं झालंय हे खरं आहे पण ते का अडकतंय हे समजून घेतल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे, कारण या एका ठिकाणी आपल्याकडचे एडिटर सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. दुकानदार विचारतो बजेट किती, आणि त्या बजेटमध्ये बसेल ते सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवून देतो, आणि घरी आल्यावर तीच क्लिप तशीच अडकते. का? तर अडचण क्लिप उलगडण्यात आहे, इफेक्ट लावण्यात नाही, आणि ही दोन वेगळी कामं आहेत.

एच २६४ काय किंवा एच २६५ काय, हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण फ्रेम, आणि त्यानंतरच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच. त्यामुळे तुम्ही मधल्या एखाद्या फ्रेमवर कर्सर नेला की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून पुढे हिशेब करत यावं लागतं, उलटं स्क्रब केलं तर अजून वाईट. याला लाँग जीओपी म्हणतात. कॅमेऱ्याला कार्डवर जागा वाचवायची असते म्हणून तो असं करतो, एडिटिंग सोपं व्हावं हा त्याचा हेतूच नाही. हा हिशेब सीपीयूच्या कोअरवर करायला लावला तर ४के ला दम लागतो, म्हणून चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो, इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि तो २०११ पासून आहे, एनव्हिडियाच्या कार्डमध्ये स्वतःचा डिकोडर, म्हणजे क्लिप उलगडणारा भाग, असतो, ॲपलच्या एम सिरीजमध्ये मीडिया इंजिन असतं. पण हे डिकोडर ठराविक प्रकारच्याच क्लिपा ओळखतात. तुमच्या चौथ्या जनरेशनच्या इंटेलला एच २६५ हार्डवेअरमध्ये येतच नाही, तुमच्या ९७० कार्डचंही तेच. म्हणजे सगळा भार कोअरवर पडतोय आणि म्हणून पंखा ओरडतोय.

यात अजून एक पायरी आहे जी दुकानदाराला बहुतेक वेळा माहीत नसते. क्लिप ४:२:० आहे का ४:२:२ (म्हणजे क्रोमा, रंगाची माहिती किती साठवली, ४:२:२ मध्ये जास्त), आणि ८-बिट आहे का १०-बिट (म्हणजे बिट डेप्थ, छटा किती, १०-बिटमध्ये जास्त). ए-सेव्हन-फोरवर आजकालचे शूटर ग्रेडिंगला चांगलं म्हणून १०-बिट ४:२:२ लावतात. ते १०-बिट ४:२:२ एच २६५ इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला डेस्कटॉपमध्ये ११ व्या जनरेशनपासून जमतं. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० सिरीजला, कितीही महाग कार्ड असलं तरी, ४:२:२ हार्डवेअरमध्ये जमत नव्हतं, ते २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजपासून जमायला लागलं. म्हणजे एखाद्याने ४० सिरीजचं दणदणीत कार्ड घेतलं आणि प्रोसेसर घेतला नावाच्या शेवटी एफ असलेला, म्हणजे ज्यात आतलं ग्राफिक्स नसतंच, तर त्याच्याकडे या क्लिपसाठी हार्डवेअर डिकोडर नाहीच. आणि शेजारच्याने साधा आय-फाइव्ह घेतला, एफ नसलेला, तर त्याची टाइमलाइन पळते. एफवाला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात, एडिटरने तो घेऊ नये.

अजून एक बारीक गोष्ट. सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच २६५ आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच २६४. आपण पॅल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत २५पी, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, करतो, आणि पॅलला एचएसमध्ये ४के २५पी मिळत नाही, ५०पी मिळतं. त्यामुळे २५पी शूट करणारा शूटर आपोआप एक्सएव्हीसी एस लावतो, आणि ते १०-बिट ४:२:२ असेल तर झालं एच २६४ ४:२:२, जे इंटेलच्या ११ व्या-१२ व्या जनरेशनच्या क्विक सिंकलाही हार्डवेअरमध्ये येत नाही. एनव्हिडियाच्या ५० सिरीजला हेही येतं. म्हणून मी म्हणतो की मशीन घ्यायच्या आधी तुमच्याकडे रोज येणाऱ्या पाच-सहा शूटरच्या क्लिपा घ्या, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात कोडेक काय, क्रोमा काय, बिट डेप्थ किती, फ्रेम रेट स्थिर आहे का बदलता, हे सगळं दिसतं, ते कागदावर लिहून काढा. तो कागद घेऊन दुकानात जा, आणि जमलं तर पेनड्राइव्हवर तीच क्लिप घेऊन जा आणि तिथल्या मशीनवर उलटी चालवून बघा. जो दुकानदार चालवून दाखवायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

शूटरशी बोलणं हासुद्धा एक उपाय आहे आणि तो पूर्ण फुकट आहे. लग्नातल्या चार तासांच्या विधीला १०-बिट ४:२:२ ची खरंच गरज आहे का? प्री-वेडिंगला, कँडिडला, जिथे तुम्ही लॉगमधून (ग्रेडिंगसाठी मुद्दाम फिकं शूट केलेल्या चित्रातून) ग्रेड करणार तिथे जरूर असू दे. पण मंडपात ट्रायपॉडवर लावलेल्या कॅमेऱ्याला ८-बिट ४:२:० पुरतं, कारण तिथे तुम्ही फक्त व्हाइट बॅलन्स सारखा करणार. दुसरा मार्ग म्हणजे एक्सएव्हीसी एस-आय, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते त्यामुळे स्क्रबला हलकं पडतं, पण ४के २५पी ला २५० एमबीपीएस, म्हणजे तासाला ११० जीबीच्या वर जागा, ती कार्डं आणि हार्ड डिस्क कोण घेणार हे आधी ठरवा.

आता मशीन आजच बदलणं जमत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करून तिच्यावर कापायचं. आपल्याकडे प्रॉक्सी म्हटलं की लोकांना वाटतं हे कमजोर मशीनवाल्यांचं जुगाड आहे. तसं नाहीये, मोठ्या फिल्मा वर्षानुवर्षं अशाच कापल्या जातात, नकलेवर कापून शेवटी मूळ फुटेज जोडायची ऑफलाइन-ऑनलाइन ही पद्धत टेपच्या काळापासूनची आहे. रात्री झोपताना शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरला किंवा ब्लॅकमॅजिकच्या प्रॉक्सी जनरेटरला सगळं कार्ड लावून द्या, फुल एचडी आकाराचं प्रोरेझ प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी (दोन्ही एडिटिंगला हलके कोडेक) करा. प्रोरेझ प्रॉक्सीला फुल एचडी २५ फ्रेमला ३८ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला साधारण १७ जीबी, डीएनएक्सएचआर एलबीचं गणित जवळपास तसंच. तुमचं आत्ताचं मशीनसुद्धा त्यावर पळेल. फक्त नियम कडक पाळा की फाइलचं नाव, टाइमकोड, फ्रेम रेट आणि ऑडिओचे चॅनल हे ओरिजिनलसारखेच राहिले पाहिजेत, नाहीतर शेवटी रिलिंक करताना, म्हणजे ओरिजिनल क्लिपा परत जोडताना, रात्र जाते. ग्रेडिंग आणि एक्सपोर्ट ओरिजिनलवर. आणि मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपा असतील तर त्या आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, मोबाइल प्रकाश कमी झाला की फ्रेम रेट खालीवर करतो आणि मग अर्ध्या तासाच्या भाषणात ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात, त्याचा दोष सॉफ्टवेअरला देऊन उपयोग नाही.

नवीन मशीन घ्यायचंच ठरलं तर माझा क्रम असा की आधी डिकोडर, मग स्टोरेज, मग रॅम, मग वीज आणि गारवा, आणि ग्राफिक्स कार्ड शेवटी. तुम्ही दाविंचीत नॉइज रिडक्शन आणि जड ग्रेडिंग रोज करणार असाल तर कार्ड वर सरकतं, कारण दाविंची प्रतिमेची जवळजवळ सगळी कामं कार्डवर करतं आणि कार्डची मेमरी भरली की सरळ मेसेज देऊन थांबतं, तिथे ४के साठी ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, १२-१६ असेल तर बरं. स्टोरेजमध्ये सिस्टिम आणि कॅशसाठी एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी), चालू प्रोजेक्टसाठी दुसरी एसएसडी, आणि संपलेल्या कामासाठी साध्या फिरत्या हार्ड डिस्क. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजारापर्यंत जाते, पण मल्टिकॅमला खरी मदत डिस्क एकाच वेळी चार ठिकाणाहून वाचू शकते याने होते, जाहिरातीतल्या आकड्याने नाही. रॅम ३२ जीबी किमान, ॲडोबीचं आफ्टर इफेक्ट्स हे इफेक्टचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ६४. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या शेवटी एआयच्या सर्व्हरमुळे भडकले, तेव्हा जुन्या मशीनमधली चांगली एसएसडी आणि कॅबिनेट, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय चालण्यासारखं असेल तर ते वापरा. रॅम मात्र तुमची डीडीआर३ आहे, ती नवीन बोर्डवर लागणार नाही.

विजेवर दोन वाक्यं जास्त लिहितो कारण हे परदेशी व्हिडिओ बघून कधीच कळत नाही. आपल्याकडे गावोगावी व्होल्टेज खालीवर होतं, अर्थिंग नावालाच असतं, आणि एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की नुसती फाइल जात नाही, कधी कधी डेटाबेस किंवा डिस्क जाते. इलेक्ट्रिशियनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थ यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. यूपीएस घेताना प्युअर साइन वेव्हचा घ्या, कारण आताच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर ते लोडखाली बंद पडतात, म्हणजे यूपीएस असून मशीन जातं. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशीच्या पुढे जातं, तिथे प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि लोक समजतात मशीन स्लो झालं. चांगला कूलर, पुढून हवा घेणारं जाळीचं कॅबिनेट आणि महिन्यातून एकदा ब्लोअर, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. ड्रायव्हर घेताना एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, आणि सीझन चालू असताना अपडेट नाही, विंडोजचं नाही, ड्रायव्हरचं नाही, सॉफ्टवेअरचं तर नाहीच.

मॅकचा सल्ला ज्याने दिला तो चुकीचा नाहीये. एम सिरीजची मशीन १०-बिट ४:२:२ एच २६५ अगदी शांतपणे चालवतात, वीज कमी खातात, गरम कमी होतात. पण घेतलेली रॅम आणि आतली एसएसडी नंतर वाढवणं जवळपास अशक्य, एडियस तिथे चालत नाही, आणि तालुक्याच्या गावी बिघडलं तर दुरुस्तीला शहर गाठावं लागतं. तुमचा जवळपास सगळा जुना साठा एडियसमध्ये आहे, म्हणून तुमच्यासाठी मी विंडोजच म्हणेन. आणि कोणी जुना इंटेलवाला मॅक स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ॲपलने २०२५ मध्येच सांगितलंय की इंटेल मॅकसाठी त्या वर्षीचं मॅकओएस हे शेवटचं मोठं व्हर्जन. तुमच्या आत्ताच्या पीसीचंही तसंच आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चौथ्या जनरेशनला अधिकृतपणे चालत नाही. जुनं मशीन फेकू नका, त्याचं इंटरनेट काढून ठेवा, ते जुने प्रोजेक्ट उघडायला लागणार आहे.

आता सॉफ्टवेअर. एडियस संपलंय असं मला वाटत नाही. ज्याचं काम वेगात कापून डीव्हीडी, पेनड्राइव्ह, यूट्यूबवर द्यायचं आहे त्याला एडियसइतकं पटकन हाताला लागणारं दुसरं कमी आहे, आणि क्विक सिंकचा वापर एडियस पहिल्यापासून चांगला करतं, म्हणजे नुसता प्रोसेसर बदलला तरी तुम्हाला तिथेच फरक दिसेल, अर्थात व्हर्जनही त्या काळाचं हवं. मग दाविंची कशासाठी? कलरसाठी. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं लॉग फुटेज एकसारखं करायचं असेल तर तिथे जे होतं ते एडियसमध्ये होत नाही. म्हणून माझा सल्ला असा की सगळं एकदम हलवू नका. कापायचं काम एडियसमध्येच राहू द्या, लॉक झालेली टाइमलाइन एएएफ किंवा ईडीएलने (एक्सएमएलसारख्याच टाइमलाइन न्यायच्या फाइल) दाविंचीत न्या, फक्त ग्रेड करा, परत आणा. दोन-चार कामं अशी झाली की नोड म्हणजे काय, प्रोजेक्ट सेटिंग कुठे, टाइमलाइनचा फ्रेम रेट पहिली क्लिप टाकायच्या आधी का ठरवायचा, हे सगळं अंगवळणी पडतं. मग एखादं छोटं काम, साखरपुडा किंवा वाढदिवस, पूर्ण तिथेच करा.

फ्री व्हर्जनबद्दल एक सावधगिरी. विंडोजवर फ्री दाविंचीत १०-बिट ४:२:२ च्या क्लिपा अडतात, आवाज येतो पण चित्र येत नाही असं होतं, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर बिघडलंय. स्टुडिओ व्हर्जन घेतलं तर ते एकदाच २९५ डॉलर, आणि आजवर नव्या व्हर्जनला त्यांनी वेगळे पैसे घेतलेले नाहीत. नॉइज रिडक्शनही स्टुडिओतच आहे. ज्याचं पोट यावर आहे त्याने हे घ्यावं. क्रॅक वापरू नका, कारण क्रॅकच्या फाइलबरोबर आलेला व्हायरस क्लायंटच्या लग्नाचं फुटेज लॉक करून बसला तर ते लग्न परत होणार नाही.

शिकताना युट्यूबच्या चाळीस भागांच्या मालिका बघत बसू नका. तुमचंच एक संपलेलं काम घ्या, ज्याचा प्रत्येक कट तुम्हाला माहीत आहे, आणि ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा कापा. काय करायचंय हे डोक्यात पक्कं असतं त्यामुळे फक्त ते इथे कुठे आहे एवढंच शोधायचं राहतं, आणि जे रोज लागतं तेवढंच आपोआप शिकलं जातं. कीबोर्डचं म्हणाल तर दाविंचीत प्रीमियर, ॲव्हिड, फायनल कटचे तयार लेआउट आहेत, पण एडियसवाल्याने मी म्हणेन मूळ लेआउटच ठेवावा, जे-के-एल (प्लेबॅकच्या कीज) आणि आय-ओ (इन-आउटच्या कीज) तर सगळीकडे सारखेच आहेत, ट्रिमच्या चार-पाच कीज फक्त स्वतःच्या सवयीच्या लावाव्यात. उद्या दुसऱ्याच्या स्टुडिओत बसायची वेळ आली तर हात अडत नाहीत.

मराठी टायटलचा विषय कोणी काढत नाही पण बदल करताना सगळ्यात जास्त रडवतं ते हेच. तुमच्या जुन्या टायटल श्री-लिपी नाहीतर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील. त्या फाँटमध्ये अक्षर प्रत्यक्षात इंग्रजी कीचंच असतं, फक्त दिसतं देवनागरी. नवीन मशीनवर तो फाँट नसला की ‘शुभविवाह’ ऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. सगळ्या नेहमीच्या टायटल, नावांच्या पट्ट्या, विधींची नावं एकदाच युनिकोडमध्ये करून घ्या, मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी असे चांगले मोफत फाँट आहेत. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी चुकीच्या जागी बसते. नवीन सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘ज्ञानेश्वरी’, ‘कृष्णा’, ‘श्रद्धा’, ‘किर्लोस्कर’, ‘सूर्यवंशी’ एवढे शब्द टाइप करून बघा, रफार, र्‍हस्व वेलांटी, जोडाक्षर सगळं त्यात तपासलं जातं. नवरीच्या नावातलं जोडाक्षर फुटलेलं कुटुंब आयुष्यभर बघतं, ग्रेडिंग थोडं इकडेतिकडे झालं तर कोणी बघत नाही. सबटायटलसाठी व्हिस्पर हे आवाजावरून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, त्यावरून पहिला कच्चा मसुदा मिळतो, पण गावाकडची बोली, आडनावं आणि आकडे ओळीन् ओळ तपासल्याशिवाय देऊ नका.

बदलाची वेळ. लग्नाच्या एडिटरला निसर्गाने म्हणा किंवा पंचांगाने म्हणा, सोय करून ठेवलेली आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. उन्हाळ्याच्या सीझनचं तुंबलेलं एडिटिंग ऑगस्टपर्यंत निघतं, गणपती झाले की दिवाळीपर्यंतचा काळ हा मशीन बदलायचा, सॉफ्टवेअर बदलायचा, डिस्क लावून घ्यायचा. मे महिन्यात कधीही नाही. आणि व्हर्जन वर नेताना लक्षात ठेवा की दाविंचीचा प्रोजेक्ट डेटाबेस एकदा नव्या व्हर्जनमध्ये अपग्रेड केला की जुन्यात उघडत नाही, प्रीमियरचंही नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही. आधी डेटाबेसचा बॅकअप, प्रोजेक्ट फाइलची कॉपी वेगळ्या डिस्कवर, मग अपग्रेड. चालू काम ज्या व्हर्जनमध्ये सुरू केलं त्यातच संपवा.

आता जुनं काम कसं ठेवायचं. एक्सएमएल किंवा एएएफने दुसऱ्या सॉफ्टवेअरला फक्त कट, डिझॉल्व्ह, थोडंफार स्केल-पोझिशन जातं. टायटल जात नाहीत, स्पीड रॅम्प (क्लिपचा वेग हळूहळू कमीजास्त करणं) बिघडतात, विकत घेतलेल्या साँग प्रोजेक्टमधले (गाण्यांच्या तयार टेम्पलेटमधले) प्लगिनचे इफेक्ट तर हमखास गळतात. ईडीएल तर त्याहून साधा, एकाच व्हिडिओ ट्रॅकचा आणि जुन्या सीएमएक्स पद्धतीत ९९९ इव्हेंटपर्यंतच, म्हणजे तेवढेच कट. त्यामुळे प्रोजेक्ट फाइल ही आठवण म्हणून ठेवा, भरवसा तिच्यावर ठेवू नका. काम दिलं की तीन गोष्टी डिस्कवर गेल्या पाहिजेत. पूर्ण मास्टर, म्हणजे शेवटची उत्तम दर्जाची फाइल, प्रोरेझ ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये. तोच मास्टर टायटलशिवाय, कारण पाच वर्षांनी क्लायंट येतो आणि म्हणतो नाव बदला, नाहीतर जाहिरातीला थोडा भाग द्या. आणि आवाज वेगळा वेगळा वेव्ह फाइलमध्ये, बोलणं एक, संगीत एक, बाकी आवाज एक. जागा लागते, ४के २५पी चा प्रोरेझ ४२२ च तासाला २२० जीबीच्या आसपास जातो, म्हणून लग्नाच्या चार तासांच्या फिल्मला तसा मास्टर करू नका, तिथे चांगल्या बिटरेटचा एच २६५ चालेल, पण डॉक्युमेंटरीला करा आणि त्याचे पैसे क्वोटेशनमध्ये वेगळी ओळ लिहून घ्या. डिस्क दोन, एक तुमच्याकडे आणि एक दुसऱ्या घरात. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं ते एसएसडीवर ठेवू नका, वीज न मिळता पडून राहिली तर डेटाची खात्री नसते, फिरती हार्ड डिस्क बरी, आणि वर्षातून एकदा लावून वाचून बघायची.

जुन्या क्लिपांचंही बघा. २०१८ मध्ये प्रीमियरने क्विकटाइम ७ च्या काळातल्या फॉरमॅटचा सपोर्ट काढला, २०१९ च्या मॅकओएसमध्ये ३२-बिट गेलं, त्याबरोबर सोरेनसन, सिनेपॅकसारखे जुने कोडेक गेले. तुमच्या जुन्या डिस्कवर असलं काही असेल तर जुनं मशीन चालू आहे तोवर त्याच मशीनवर ते प्रोरेझमध्ये करून घ्या.

आणि कपाटात मिनीडीव्ही कॅसेट पडलेल्या असतील, बहुतेक सगळ्यांच्या असतात, तर त्या या दिवाळीच्या आधी काढा. नवीन मदरबोर्डवर फायरवायर नसतं, ॲपलने २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला, आणि कॅमकॉर्डरचे हेड साफ करून देणारे कारागीर दरवर्षी कमी होतायत. मिनीडीव्हीला कॅप्चर खऱ्या वेळेतच होतं, तासाच्या कॅसेटला तास, आणि जागा लागते फक्त १३ जीबी. तुमच्या त्या चौथ्या जनरेशनच्या मशीनला फायरवायर कार्ड लावा, जुना कॅमेरा चालतोय का बघा, आणि तुम्ही इतर कामं करत असताना बाजूला एकेक कॅसेट फिरत राहू द्या. ज्यांची लग्नं तुम्ही तेव्हा शूट केली त्यांना फोन करून विचारलंत तर त्यातले बरेच जण पैसे द्यायला तयार असतात, कारण त्यांच्याकडची व्हीसीडी केव्हाच बंद पडलेली असते. नवीन मशीनच्या खर्चाला त्यातूनच हातभार लागेल, म्हणून मी तर म्हणेन सुरुवात इथूनच करा, मग मीडियाइन्फोचा तो कागद, आणि मग दुकान.